पुरातल्या वाळूला ऊन लागतं कुठनं?

प्रश्न : आमचं शेत खानापूरच्या खाली मलप्रभेच्या काठाला. विहीर खणताना बारा फुटावर वाळूचा थर लागला, आत खापराचे तुकडेही होते. भाचा म्हणतो, शेवटचं ऊन कधी लागलं त्यावरनं वाळूचं वय काढतात. पण पावसाळ्यात आमची नदी चहासारखी, त्यात वाळूला ऊन लागणार कुठनं?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत की. आधी भाच्याचं बघू. वाळूतला क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचाच कण, तो गाडला गेला की आजूबाजूच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणांनी त्याच्यात थोडी थोडी एनर्जी अडकत जाते, आणि ऊन लागलं की सुटते, मीटर झिरो. लॅबमध्ये निळा उजेड टाकून ती सोडवतात आणि कण जो बारीक उजेड देतो तो मोजतात. ह्याला ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स, म्हणजे उजेड टाकून उजेड काढणं) म्हणतात, १९८५ पासूनची पद्धत. कणात साठलेला किरणांचा डोस भागिले वर्षाला मिळणारा डोस, झालं वय.

उघड्या कडक उन्हात क्वार्ट्झला मिनिटभरही पुरतं. पण हे काम करणारा निळा आणि अतिनील उजेड गढूळ पाण्यात वरच्या वरच मरतो, खाली तळाला अंधारच. तरी वाळू काय उगमापासनं, कणकुंबीकडनं, एका दमात येत नाही हो, वळणावर थांबते, उन्हाळ्यात उघडी पडते, पुढच्या पुरात परत उठते. एप्रिलमध्ये नदीत उतरून बघा, पाय भाजवणारी जी वरची वाळू असते ना, तिचं मीटर झिरो झालेलं असतं. घोळ होतो तो एका रात्रीत काठ ढासळून जुनी वाळू अंधारातच खाली येऊन बसते तेव्हा.

समजा वर्षाचा डोस असा की हजार वर्षांला २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), आणि कणात आधीचाच १ ग्रे शिल्लक राहिला, तर वय ५०० वर्षांनी फुगणार. थर वीस हजार वर्षांचा असेल तर चालून जातं, हजाराचा असेल तर सगळंच बोंबललं. म्हणून कण एकेक करून मोजतात आणि सरसकट सरासरी न धरता सगळ्यात कमी डोसवाल्या गटावर भरवसा ठेवतात. मी असतो तर आधी २०१९ च्या पुरानं टाकलेली वाळू तपासली असती, तिचं वय शून्याच्या आसपासच यायला पाहिजे, वर जे काय येईल ती जुनी शिल्लक.

आणि भाच्याला सांगा, वाळू बादलीत भरून आणू नको, उजेड लागला की खेळ संपला. थराचा उघडा पडलेला बाहेरचा भाग खरवडून लोखंडी पाईप आडवा ठोकायचा, दोन्ही तोंडं लगेच बंद. लॅबमध्ये मंद तांबड्या दिव्यात उघडतात आणि टोकांची वाळू वयासाठी घेतच नाहीत.

खापरं मात्र टाकू नका. भट्टीत भाजतानाच त्यांचं मीटर झिरो झालेलं असतं, तिथं उन्हाचा संबंधच नाही. खापर भाजल्यानंतरच त्याच्यावर वाळू बसली असणार, तेव्हा वाळूचं वय खापरापेक्षा जास्त आलं तर तुमची शंका खरी ठरली म्हणायची.