फाउंटन पेनने तांब्या काढला, पण पाण्याचा ब्रश फिरवताच रेषा पसरल्या. शाई कोणती घ्यावी?

पेनात रोजची निळी किंवा काळी शाई असेल तर पसरणारच. ती रंग पाण्यात विरघळलेली शाई असते. रेषा टिकवायच्या असतील तर पिगमेंट शाई (जिच्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात) घ्या, उदाहरणार्थ प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलर किवागुरो. ब्रश फिरवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. बाटलीवर 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक' लिहिलेली शाई मात्र पेनात भरू नका. तिच्यात बहुधा लाख असते. ती फीडच्या (निबाखालच्या, शाई पुरवणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत वाळली की पेन गेलंच म्हणून समजा. ती बोरूला किंवा टाकाला ठीक. पिगमेंट शाईचं पेनही आठवडाभर पडून राहू देऊ नका. वापरात असलं तरी दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवा, गरम नको.

कागद १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. झेरॉक्सच्या कागदावर शाईला मिशा फुटतात.

आता तांब्या. आधी मधली उभी रेषा पेन्सिलीने हलकी आखा. काठ, गळा आणि बूड या तिन्ही लंबगोलांची रुंदी या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी हवी. वरून बघताना काठाचा लंबगोल चपटा, बुडाचा जास्त फुगीर दिसतो. बहुतेक जण बूड सरळ रेषेने काढतात, म्हणून भांडं कापल्यासारखं वाटतं. चकाकीची जागा कोरी सोडा, आणि तिला अगदी लागूनच सर्वांत गडद तिरप्या रेषा मारा. पितळ तिथेच चमकतं.

तशी पसरणारी शाईही वाया जात नाही: सावलीच्या बाजूला ओला ब्रश फिरवला की छटा आपोआप मिळते.