चेनसॉची चेन : 'किती इंची' एवढ्यावर भागत नाही

या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील वाचकांकडून चेनसॉविषयी अनेक प्रश्न आले. त्यांपैकी चार निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : काजूची जुनी झाडे आणि बांधावरची अकेशिया तोडण्यासाठी मी ५८ सीसीचे पेट्रोलवर चालणारे मशीन घेतले. सोबत आलेली चेन झिजल्यावर बेळगावातून 'वीस इंची' म्हणून दुसरी आणली. ती बारच्या (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या) खोबणीत नीट बसते; पण चालू केल्यावर टकटक आवाज येतो आणि ताण दिला तरी चेन सैलच राहते. चेन खराब आहे की मशीन?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत, आपल्याला मिळालेली चेन दुसऱ्या मापाची असावी. दुकानात मराठीत विचारा की कानडीत, समोरून पहिला प्रश्न 'किती इंची?' हाच येतो, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. इंच हे बारच्या कापणाऱ्या लांबीचे माप आहे. चेन ठरते ती पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या या तीन आकड्यांवर, आणि हे तिन्ही आकडे आपल्या यंत्राशी जुळावेच लागतात. त्यांत आवडीनिवडीला वाव नाही.

पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या मापांपैकी ०.३२५ इंच पिचच्या चेनमध्ये पहिल्या रिव्हेटच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे १६.५ मिलिमीटर भरतात, तर ३/८ इंच पिचमध्ये हेच अंतर अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या घरात जाते. फरक दोन-अडीच मिलिमीटरचाच असल्याने नुसत्या नजरेला तो कळत नाही, परंतु स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चक्राच्या, दात्यांना तो पहिल्याच फेरीत कळतो, आणि आपण ऐकता ती टकटक त्याचीच असण्याची शक्यता अधिक आहे. अशी चेन चालवत राहिल्यास इंजिनाकडचे स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचे छोटे चक्र ही दोन्ही खराब होतात आणि चेन उडून येण्याचा धोकाही राहतो. म्हणून ती आजच उतरवावी.

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खोबणीत धावणाऱ्या खालच्या जिभेची जाडी. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. इंचांत हेच आकडे ०.०४३, ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ असे लिहितात. जाड जीभ अरुंद खोबणीत शिरतच नाही, त्यामुळे ती चूक दुकानातच उघडी पडते. पातळ जीभ मात्र रुंद खोबणीत सहज बसते, चालतेही, आणि मग डोलत डोलत तिरका काप घेते. आपली चेन खोबणीत बसली एवढ्यावरून गेजही बरोबर आहे असे मानू नये.

हे आकडे बहुतेक बारवर, यंत्राला जोडल्या जाणाऱ्या बाजूला, कोरलेले असतात. आधी तेल आणि भुसा पुसून तेथे पाहावे. अक्षरे झिजली असतील तर जुनी चेन घेऊन कोणत्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियरने जिभेची जाडी मोजून घ्यावी; बेळगावातील उद्यमबागेसारखा औद्योगिक भाग हाताशी असताना हे अवघड नाही. त्यानंतर जुन्या चेनच्या ड्राइव्ह लिंक एक-एक करून मोजाव्यात, कारण एकाच 'वीस इंची' बारला वेगवेगळ्या बनावटीत वेगवेगळ्या संख्येची चेन लागू शकते. बाजारात मिळणाऱ्या ५८ सीसीच्या बऱ्याच यंत्रांवर ०.३२५ पिच आणि ०.०५८ गेज असते, आणि अठरा इंची बारला ७२, वीस इंचीला ७६, तर बावीस इंचीला ८६ लिंक लागतात. तरी हा केवळ अंदाजासाठीचा आधार आहे. खरेदी स्वतः केलेल्या मोजणीवरूनच करावी. जुनी चेन पिशवीत घालून दुकानात नेणे सर्वांत सोपे.

प्रश्न : मी झाडतोडीची कामे घेतो. बांधावरची बाभूळ, चिंच आणि क्वचित परवानगी काढलेला साग असे लाकूड असते. 'फुल चिझल' चेन सर्वांत वेगाने कापते असे ऐकून ती लावली. सुरुवातीला झपाट्याने कापते, पण दुपारपर्यंत बोथट होते. कंपनी बदलावी काय?
– एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : कंपनी बदलून फरक पडणार नाही, दाताचा आकार बदलावा लागेल. पिच आणि गेज यंत्र ठरवते. दाताचा आकार मात्र आपण लाकूड पाहून निवडायचा असतो, आणि चेनच्या बाबतीत खरी निवड म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे.

आजच्या चेनचा दात मुळात किड्याकडून घेतलेला आहे. अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या जबड्यांनी आलटून-पालटून डावीकडे व उजवीकडे कापत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या दातांची चेन बनवली आणि पुढच्याच वर्षी तिचा कारखाना काढला. आजही प्रत्येक दात दोन कामे करतो : त्याचा वरचा काठ ढलपी उचलतो आणि बाजूचा काठ कापाची भिंत तोडतो. हे दोन काठ जेथे मिळतात तो कोपरा सगळ्यांत आधी लाकडात शिरतो.

फुल चिझलमध्ये हा कोपरा काटकोनी आणि अणकुचीदार असतो. स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडात त्याच्यासारखा वेग दुसरा दात देत नाही. पण सगळा भार त्या एका टोकावर असल्यामुळे ते टोक गेले की दात गेला, आणि टोक जायला मूठभर मातीही लागत नाही. बांधावरच्या झाडाच्या सालीत पावसाळ्यात उडालेली माती साठलेली असते, बुंध्याजवळ तर खडेही सापडतात. बाभळीचे आणि चिंचेचे लाकूड मुळातच कठीण. सागाच्या लाकडात सिलिकाचा अंश असतो, तो कोणत्याही धारेला पाजळण्याच्या दगडासारखा घासतो, फक्त उलट्या परिणामाने. आपल्या कामात या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

सेमी चिझल दाताचा कोपरा गोलसर असतो. त्यामुळे भार थोड्या रुंद काठावर पसरतो, काप किंचित हळू जातो, पण धार कितीतरी अधिक टिकते आणि थोडी बोथट झाली तरी चेन कापत राहते. दिवसभराच्या कामाचा हिशेब मांडला तर, कानस घेऊन बसण्यात जाणारा वेळ धरून, आपल्या भागातल्या लाकडासाठी सेमी चिझलच पुढे राहील असे माझे स्पष्ट मत आहे. निलगिरी किंवा सिल्व्हर ओकचे स्वच्छ ओले ओंडके सलग कापायचे असतील तेव्हाच फुल चिझल काढावी. कार्बाइडची टोके बसवलेल्या चेनही असतात. त्या अग्निशामक दलाच्या कामासाठी ठीक, पण त्यांना धार लावायला हिऱ्याचे चाक लागते, तेव्हा आपण त्या वाटेला जाऊ नये.

तोडण्यापूर्वी बुंध्याची साल कोयत्याने खरवडून घेण्याचा कंटाळा करू नये, आणि ओंडका जमिनीवर पडलेला असताना बारचे टोक मातीला टेकू देऊ नये. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की लगेच थांबावे. बोथट चेन दाबून कापल्याने बारही तापतो. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, साध्या ३/८ पिचला ५.५ किंवा कंपनी सांगेल तशी ५.२ मिलिमीटरची, आणि लहान यंत्रांवरील कमी उंचीच्या ३/८ चेनला ४ मिलिमीटरची वापरावी. वरच्या काठाचा कोन सर्वसाधारणपणे ३० अंश ठेवतात. कठीण लाकडाला २५ अंशांपर्यंत आणल्यास धार जरा जास्त टिकते. सगळ्या दातांची लांबी सारखी राखावी, नाहीतर काप एका बाजूला वळतो. दातापुढच्या उंचवट्याला डेप्थ गेज म्हणतात; तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. 'जास्त कापेल' म्हणून तो अधिक घासणारे अनेक जण आहेत. बाभळीत अशी चेन कापत नाही, हिसके मारते, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र उलटून अंगावर येण्याचा संभव वाढतो.

आणखी एक. बारला जळके इंजिन ऑइल घालण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात धातूचे बारीक कण असतात आणि ते चेनबरोबर खोबणीतून फिरत राहतात. धार आणि बार दोन्ही जपायचे असतील तर ती सोडावी.

प्रश्न : माझ्याकडे ३८ सीसीचे मशीन आणि सोळा इंची बार आहे. वादळात आंबा पडला असून बुंधा दोन फूट जाड आहे. बावीस इंची बार आणि मोठी चेन लावली तर चालेल काय?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : बार कदाचित बसेल, पण इंजिन तो ओढणार नाही. नेहमीच्या चेनमध्ये दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक कापणारा दात असतो, म्हणजे ०.३२५ पिचमध्ये साधारण १.३ इंचाला एक. सोळा इंच लाकडात बार बुडाला की सुमारे बारा दात एकाच वेळी चावतात, बावीस इंचांत सतरा. जेवढे दात लाकडात, तेवढी ओढ इंजिनावर. ३८ सीसीसारख्या यंत्रांवर कमी उंचीची ३/८ चेन देतात ती याचसाठी : तिचा काप अरुंद असतो आणि ताकद कमी लागते. स्थूलमानाने ४५ सीसीपर्यंत ही चेन, ४० ते ६० सीसीला ०.३२५, ५० सीसीच्या पुढे साधी ३/८ आणि ८०-९० सीसीवरील मोठ्या यंत्रांना ०.४०४, अशी वाटणी दिसते. कमी उंचीची ३/८ आणि साधी ३/८ यांचे पिच एकच म्हटले जात असले, तरी त्यांची अदलाबदल करू नये. दात विरळ असलेली 'स्किप' चेन चोवीस इंचांहून लांब बारसाठी असते. लहान इंजिनावरचा तो उपाय नव्हे.

दोन फुटांचा बुंधा सोळा इंची बारने दोन्ही बाजूंनी कापता येतो. पडलेले झाड कोठे टेकले आहे आणि कोठे अधांतरी आहे हे आधी पाहावे. ज्या बाजूचे तंतू दाबले गेले असतील तेथे आधी थोडा काप घ्यावा आणि मग ताणलेल्या बाजूने तोडावे. क्रम उलटा झाला तर बार लाकडात अडकतो.

प्रश्न : फणसाच्या ओंडक्याच्या फळ्या चेनसॉनेच काढता येतील काय?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : येतील, पण नेहमीच्या चेनने नव्हे. उभ्या कापासाठी वरच्या काठाचा कोन सुमारे १० अंश ठेवलेली वेगळी 'रिपिंग' चेन मिळते. तिने काप गुळगुळीत येतो, पण वेग कमी आणि इंजिनावर सलग भार, म्हणून ५८ सीसीहून लहान यंत्राने हा नाद करू नये. शिवाय चेनच्या प्रत्येक कापात सात-आठ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, तर वखारीतील बँड सॉ दोन-तीन मिलिमीटरच खातो. ओंडका वाटेपर्यंत आणता येत असेल तर वखारच बरी. झाड अजून उभे असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते काय, हे आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. काही जातींना त्यातून सूट आहे.