लिफ्टमध्ये अडकलेल्या सहा जणांच्या थ्रिलरमध्ये दलित आणि मुस्लिम पात्रं घेतली, तर ती मुद्दाम घातल्यासारखी वाटतील का?

आडनावामुळे कुठलंच पात्र मुद्दाम घातल्यासारखं वाटत नाही. त्याच्या वाट्याला ठरवण्यासारखं काही आलं नाही की वाटतं.

हिचकॉकचा 1944 चा 'लाइफबोट' हा चित्रपट एवढ्या एकाच नजरेने पाहा. महायुद्धात बुडालेल्या जहाजातली माणसं आणि मागाहून वर घेतलेला शत्रूच्या पाणबुडीवरचा एक जर्मन, असे एका होडीत नऊ जण. कॅमेरा शेवटपर्यंत होडीतच. त्यात 'जो' (Joe) नावाचा कृष्णवर्णीय स्टुअर्ड, म्हणजे जहाजावरचा सेवक. भूमिका कॅनडा लीची. आधीचा बॉक्सर, 1941 मध्ये ब्रॉडवेवर 'नेटिव्ह सन' नाटकाचा नायक. असा नट हाताशी असताना पटकथेने त्याला दिलं काय? एक बासरी, पाकीटमारीचा भूतकाळ आणि बायबलमधलं 23वं स्तोत्र. पत्रकार कॉनीचा कॅमेरा जातो, टाइपरायटर जातो, फरकोट जातो, शेवटी हिऱ्यांचं ब्रेसलेट मासे पकडायला गळाला लागतं. एकेका वस्तूबरोबर बाई बदलत जाते. जोकडे गमावण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

जर्मनाचं काय करायचं यावर मतं घेतात, तेव्हा जो विचारतो, मलाही मत आहे का? आहे म्हटल्यावर तो बाजूला राहतो. पुढे जमाव जर्मनावर तुटून पडतो, त्यातही जो नाही. यावर मला नेहमी ऐकवलं जातं की तोच तर होडीतला सर्वांत सज्जन माणूस, आणखी काय हवं? सज्जनपणा नको, चुकायची मुभा हवी. बाकीचे चुकतात, लोभ करतात, खून करतात, म्हणून गोष्ट त्यांची होते. मूळ कथा लिहिणाऱ्या स्टाइनबेकलाही हे खटकलं होतं. आपण स्वाभिमानी माणूस लिहिला होता, पडद्यावर ठरावीक विनोदी साचा आला, अशी तक्रार त्याने चित्रपट काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओकडे केली आणि आपलं नाव काढायला सांगितलं. नाव तसंच राहिलं. वर त्याच कथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं!

आता तुमची लिफ्ट. सहा पात्रांचे सहा रकाने आखा आणि प्रत्येक दृश्यापुढे लिहा: निर्णय कोणाचा, मोबाइल कोणाच्या हातात, खोटं कोण बोललं, कोणाचं चुकलं. संवादांच्या ओळी मोजत बसू नका. एवढ्याशा जागेत गप्प माणूसही चौकटीत दिसत असतो. एखाद्या रकान्यात 'मदत केली', 'समजूत घातली' एवढंच येत असेल, तर तुमचा 'जो' तिथे आहे. त्याला आणखी एक सद्गुण देऊन भागणार नाही. नायकाकडची एक चूक काढून त्याला द्या. उदाहरणार्थ, दार फाकवून उडी मारायचा आग्रह त्याचा असू दे. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आत थांबणंच सुरक्षित असतं, कारण उडी मारताना केबिनखालच्या फटीतून माणूस थेट शाफ्टमध्ये जाऊ शकतो. आग्रहामागचं कारण त्याचं खासगी असावं: मुलीची परीक्षा, चुकवलेला हप्ता. जात किंवा धर्म कारण म्हणून वापरलात, की पात्राचं पोस्टर झालंच. (आणि हवा संपल्याचं दृश्य लिहू नका. लिफ्टची केबिन हवाबंद नसते. घाम, लघवी आणि बॅटरी यांत भरपूर ताण आहे.)

धोका दाखवायला दलित किंवा मुस्लिम पात्राला पहिल्यांदा मारू तर अजिबात नका.

हेही मान्य करायला हवं की 1944 च्या हॉलीवूडमध्ये 'जो'सारखं पात्र एवढं दिसणं हीच मोठी गोष्ट होती आणि लीने स्वतःचे काही लाचार संवाद बदलूनही घेतले. शेवटी वर घेतलेल्या तरुण जर्मन खलाशाच्या हातातलं पिस्तूल जोच काढून घेतो. फक्त तोवर चित्रपट संपत आलेला असतो. तुमच्याकडे असा प्रसंग तिसाव्या पानाच्या आत यायला हवा.