पाच फूट लांब, सव्वा फूट रुंद फळीवर मॉडेल रेल्वेचा लेआउट कसा बसवावा?

गोल फेरा बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमची दिवाणावरची फळी सव्वा फूट रुंद, म्हणजे 38 सेंटीमीटर. एचओ स्केलमध्ये (1:87) 18 इंच त्रिज्येचं वळण धरलं तर मीटरभर रुंदी लागते. त्याहून लहान एन स्केलमध्येही 9 इंच त्रिज्या म्हटली की 46 सेंटीमीटर गेले. शिवाय आपला साधा आयसीएफ डबा (प्रवासी गाड्यांचा जुना नेहमीचा डबा) एचओमध्ये 25 सेंटीमीटरचा होतो. इंजिन आणि चार डबे उभे केले की हलायला जागा कुठे उरते?

म्हणून गाडी फिरवायचा नाद सोडा, शंटिंग करा, म्हणजे डबे पुढे-मागे ढकलून हवे तसे जुळवा. ॲलन राइट नावाच्या इंग्रज हौशी माणसानं यासाठी 'इंगलनूक' नावाची मांडणी काढली. दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), तीन फाटे. लांब फाट्यावर पाच वाघिणी (मालडबे) मावतात, बाकी दोघांवर तीन-तीन, आणि सांध्यांअलीकडच्या तुकड्यावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकायच्या, पाच वाघिणी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम 6720 होतात, आणि काही काही तर चांगलाच घाम काढतात.

तुम्ही कारंज्याकडचे, मी दारव्ह्याचा, मग परदेशी स्टेशन कशाला? आपली शकुंतला घ्या, यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवरची छोटी गाडी. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागा, 8.76 येतात, आणि एन स्केलचा रूळ असतो 9 मिलिमीटरचा! म्हणजे रूळ आणि इंजिनची चासी एनची, वरचं अंग, माणसं, झाडं, इमारती एचओच्या. या मेळाला एचओई म्हणतात. शकुंतलेची तयार मॉडेलं बाजारात शोधत बसू नका. एनच्या डिझेल शंटरच्या चासीवर पुठ्ठ्याचं अंग चढवा. शकुंतलेचं मँचेस्टरला बनलेलं 1921 सालचं झेडडी नावाचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं, पण तसलं इंजिन घडवणं पहिल्या खेपेला जड जाईल. छोटी चारचाकी वाघीण सहा-सात सेंटीमीटरची धरली तर सगळी मांडणी चार फुटांत बसते. उरलेल्या फुटात जिनिंग आणि रुईच्या गाठींचा फलाट. ही लाइन टाकलीच होती कापसासाठी.

एनच्या रुळाचे स्लीपर एचओच्या मानानं फार बारीक नि दाट दिसतात. ते मातीत, गवतात पुरून टाका. शकुंतलेचे रूळ तरी कुठे वेगळे दिसायचे?

माती आपलीच वापरा, पण काळी माती वाळली की फळीवरही भेगाळते. वस्त्रगाळ करून, फेविकॉलच्या पाण्यात, पातळ थर दोन-तीनदा द्या. त्याआधी तिच्यातून चुंबक फिरवा, नाहीतर लोखंडाचे कण मोटारीला चिकटतील. झाडांसाठी पऱ्हाटीच्या बारीक मुळ्या झकास.

फळी वॉटरप्रूफ प्लायची घ्या आणि भिंतीला टेकवू नका, वाळवी लागते. थंडीत रूळ बसवणार असाल तर जोडांत अर्धा-पाऊण मिलिमीटर फट ठेवा. मे महिन्यात 45 अंशांवर रूळ वाढतो. धूळ आणि कापसाचे तंतू चाकांच्या आसाला गुंडाळतात, म्हणून खेळ झाला की वर चादर टाका.

लोडशेडिंगची काळजी नको. फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी एवढ्या इंजिनाला भरपूर होते. फक्त कंट्रोलरच्या आधी एक अँपिअरचा फ्यूज लावा. रुळावर पक्कड पडली तर वायर जळायला नको.

आणि खरेदीआधी कागदावर खऱ्या मापात आखून पाहा. मॉडेलचे रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीच्या साइटवर सांध्यांचे पूर्ण मापाचे नकाशे फुकट मिळतात. झेरॉक्सवाल्याला सांगा, शंभर टक्के मापातच छाप, पानात बसवायला लहान करू नको.