पुरानंतर सावरलेले घर कोणाचे?

प्रश्न : २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आमचे घर बुडाले. चिखल उपसण्यापासून भिजलेले धान्य निवडण्यापर्यंत आणि जनावरांच्या चाऱ्यापासून मुलांच्या दाखल्यांपर्यंत सारे आईने सावरले; पंचनाम्यावर मात्र नाव आणि सही फक्त वडिलांची होती. आपत्तीत बायकांची भूमिका एवढीच असते का?
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना मला किल्लारीची आठवण होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे गाढ झोपेत असताना भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो घरांनीच. मातीत रचलेली दगडी भिंत जाडजूड दिसते, पण आतून ती दोन सुट्या थरांची असते; दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्याने ती उकलते आणि वरचे मातीचे जड माळवद खाली येते.

जी गावे जागची हलवली नाहीत, तेथील घरांच्या दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था शासनासोबत होती आणि गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कोणाला व कशासाठी मिळते हे त्या घरोघरी समजावून सांगत आणि भिंत खरोखरच मजबूत होते आहे की नुसता गिलावा चढतो आहे, यावर लक्ष ठेवत. साहजिकच ग्रामसेवक, अभियंता आणि गवंडी या तिघांशीही त्यांना बोलावे लागे. पुढे २००१ च्या भूकंपानंतर याच भागातील स्त्रिया कच्छमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकेकाळी आपद्ग्रस्तांच्या यादीत असलेली बाई तेथे जाणकार म्हणून उभी राहिली.

‘बाईमाणूस सगळे निभावून नेते’ असे कौतुकाने म्हणायचे, कामे तिच्यावर टाकायची आणि निर्णय मात्र तिला न विचारता घ्यायचे, याला मी कुटुंबाची ताकद म्हणणार नाही. ज्या घरात कर्ता पुरुषच आपत्तीत जातो, तेथे मागे राहिलेल्या बाईला घर, जमीन आणि खाते आपले आहे हे सिद्ध करण्यातच महिने घालवावे लागतात.

तुमच्या घरापुरते सांगायचे, तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, घर आईवडील दोघांच्या नावे नोंदवून घ्या. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली वडिलांनी अर्ज केल्यास सातबाऱ्यावरही आईंचे नाव लागते. त्यांचे स्वतंत्र बँक खाते चालू ठेवा. पुन्हा कधी पंचनाम्याची वेळ आलीच, तर तलाठ्यासमोर नुकसान आईंनी सांगावे, कारण शेळ्या, कोंबड्या, शिलाई यंत्र आणि कणगीतले धान्य यांचा हिशेब त्यांनाच तोंडपाठ असतो.