कोर्ट खोटं, पण उलटतपासणी झकास!

प्रश्न: माझे मिस्टर अमळनेरला वकिली करतात. रात्री सगळी आवराआवर झाली की मी हॉलिवूडचे कोर्टाचे पिक्चर लावते, त्यात टॉम क्रूझ असला की मग विचारूच नका, आणि हे मागून येऊन म्हणतात, असं कोर्टात कुणी ओरडलं तर जजसाहेब बाहेर काढतील. पटतं हो, तरी बघते, आणि मग मलाच कसंतरी वाटतं. एवढं काय असतं त्यात?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर: ताई, साहेबांचं बरोबरच आहे, पण तुम्ही बिनधास्त बघा.

आपल्याकडे उलटतपासणीत वकील विचारणार, साक्षीदार पुटपुटणार, जजसाहेब ते स्टेनोला सांगणार, तेवढ्यात कुणीतरी पुढची तारीख मागणार. तिकडेही खरं कोर्ट पिक्चरसारखं नसतं, 2012 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच एका निकालात म्हटलंय की फेडरल म्हणजे तिकडच्या केंद्र सरकारच्या कोर्टातल्या केसेसमध्ये 97 टक्के दोषी आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात, म्हणजे ज्युरीपुढचं (दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या साध्या नागरिकांपुढचं) भाषण बऱ्याच वकिलांच्या नशिबातच नाही.

आता 'अ फ्यू गुड मेन' (1992) घ्या. कर्नल झालेला जॅक निकल्सन साक्षीदार आहे, आरोपी नाही, म्हणून तोऱ्यात बसलाय. वकील झालेला क्रूझ आधी त्याच्याकडून वदवून घेतो की माझे जवान हुकूम मोडत नाहीत. बरं, त्या पोराला (ज्याच्या मृत्यूची केस चाललीय त्या जवानाला) हात लावायचा नाही असा हुकूम तुम्ही दिला होता ना? दिला होता. मग त्याच्या जिवाला धोका कसला, बदली कशाला करत होता? इथे निकल्सनचा चेहरा बघा. नंतरचं ओरडणं सगळ्यांना पाठ असतं, मला विचाराल तर खरी मजा त्याच्या आधी तो अडकतो तिथे आहे. आणि हे दोन नवखे नट असते तर आपण जांभई दिली असती, यात्रेतल्या दंगलीला आपण जोड कुणाची लागलीय ते बघूनच जातो ना.

'अ टाइम टू किल' (1996) मध्ये मात्र कायदा पार खुंटीला टांगलाय. मुलीवर अत्याचार करणाऱ्या दोघांना कोर्टातच गोळ्या घालणारा बाप शेवटच्या एका भाषणावर सुटतो! (मी तरी रडलोच.)

साहेबांना एकदा पॉल न्यूमनचा 'द व्हर्डिक्ट' (1982) दाखवा. त्यात झेरॉक्सचा पुरावा जज फेटाळतो आणि ज्युरी तरी काय करायचं ते करते, त्यावरून तुमच्या घरात भांडण लागणार हे नक्की.