वाचकांचे प्रश्न : एआय एजंटला क्लाउडचे खरे भाव कसे पुरवायचे?

प्रश्न : आमच्या एआय एजंटला ‘मुंबईत दोन कोरचा सर्व्हर महिनाभर चालवला तर किती खर्च येईल?’ असं विचारलं की तो दर वेळी वेगळा आकडा सांगतो. यावर उपाय काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटमागचं एआय मॉडेल आकडा आठवणीतून सांगतं, आणि भाव प्रदेशागणिक व ऑपरेटिंग सिस्टिमगणिक वेगळे असतात. म्हणून भाव शोधून देणारं छोटं टूल लिहा आणि ते एमसीपीमार्फत (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची ठरावीक पद्धत) एजंटला जोडा. टूलने चारच गोष्टी मागाव्यात : कंपनी, प्रदेशाचा कोड, मशीनचं नाव, ऑपरेटिंग सिस्टिम. प्रदेशासाठी कोडची ठरावीक यादीच द्या. मोकळा मजकूर चालू ठेवलात तर एजंट ‘मुंबई’, ‘इंडिया वेस्ट’ असं काहीही पाठवेल.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : कंपनीच्या भावांच्या यादीला गाळणी लावून नेमकी एक ओळ उरली, तरच भाव द्यायचा. दोन उरल्या तर पहिली उचलू नका. त्या कोणत्या बाबतीत वेगळ्या आहेत ते सांगणारी एरर परत करा, म्हणजे एजंट पुन्हा नीट विचारतो. एकही उरली नाही तर ‘सापडलं नाही’ असं स्पष्ट सांगा, शून्य कधीही देऊ नका. भावासोबत चलन, एकक आणि तो केव्हा घेतला ती वेळ हवीच. महिन्याचा गुणाकारही टूलमध्येच करा, मॉडेलवर सोडू नका.

प्रश्न : ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हर-सेवेच्या भावांची फाइल एजंटला पेलतच नाही. शिवाय एकदा त्याने सर्व्हर फुकट असल्याचं सांगितलं! – एक वाचक, नाशिक

उत्तर : ती पूर्ण फाइल गिगाबाइटांच्या घरात आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. ॲमेझॉनच्या प्राइस लिस्ट या भाव पुरवणाऱ्या एपीआयची (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) ‘गेटप्रॉडक्ट्स’ ही क्वेरी वापरा. तिचा एक एंडपॉइंट (क्वेरी पाठवायचा पत्ता) मुंबईत आहे; पण मुंबईचा एंडपॉइंट वापरला म्हणून मुंबईचे भाव मिळत नाहीत. प्रदेशाची गाळणी ‘एपी-साउथ-१’ (मुंबईचा कोड) अशी वेगळी द्यावी लागते.

फुकट सर्व्हरचं मूळ बहुधा ‘कपॅसिटी स्टेटस’ (क्षमतेची स्थिती) या रकान्यात आहे. एकाच मशीनच्या तीन ओळी येतात : नेहमीच्या वापराची, राखून ठेवलेल्या पण न वापरलेल्या क्षमतेची, आणि राखून ठेवलेल्या क्षमतेच्या नोंदीची. यातल्या तिसरीचा भाव शून्य असतो, कारण पैसे बाकीच्या ओळींत धरलेले असतात. म्हणून कपॅसिटी स्टेटस ‘यूज्ड’, टेनन्सी ‘शेअर्ड’ (हार्डवेअर इतर ग्राहकांसोबत वाटून), ऑपरेटिंग सिस्टिम ‘लिनक्स’ आणि प्री-इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर ‘एनए’ (काहीही नाही) या चारही गाळण्या लावा. शेवटची राहिली तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरसकटचे भाव मिसळतात.

उत्तरातली प्रत्येक नोंद जेसनच्या (माहिती लिहिण्याचा एक ठरावीक साचा) आत मजकूर म्हणून ठेवलेलं आणखी एक जेसन असते, त्यामुळे ती दुसऱ्यांदा पार्स करावी (उलगडून वाचावी) लागते. स्पॉट मशीनचे (शिल्लक क्षमतेतून स्वस्तात मिळणाऱ्या, पण कंपनी केव्हाही परत घेऊ शकेल अशा मशीनचे) भाव मात्र इथे मिळत नाहीत; ते ईसी२च्या स्पॉट प्राइस हिस्ट्रीतून घ्यावे लागतात.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्ये एका मशीनच्या कितीतरी ओळी येतात. एजंटने तर तासाला हजारो डॉलर सांगितले. – एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲझ्युरच्या रिटेल प्राइसेस एपीआयला लॉगिन लागत नाही, त्यामुळे सुरुवात इथूनच करणं सोपं. पुण्याच्या प्रदेशाचा कोड ‘सेंट्रलइंडिया’ असा सलग आणि लहान इंग्रजी अक्षरांत लिहायचा. हजारो डॉलर आले ते राखीव (ठरावीक मुदतीसाठी आधीच घेतलेल्या) मशीनच्या ओळीतून. तिथे एकक ‘१ तास’ लिहिलेलं असलं, तरी रक्कम पूर्ण मुदतीची असते. तासाचा भाव हवा असेल तर एका वर्षासाठी ८,७६० ने आणि तीन वर्षांसाठी २६,२८० ने भागा. राखीव भाव नकोच असेल तर प्रकार ‘कन्झम्प्शन’ (वापराइतके पैसे) मागा.

तरीही लिनक्स, विंडोज, स्पॉट आणि लो प्रायॉरिटी (हीही स्पॉटसारखीच स्वस्त मशीन) अशा ओळी उरू शकतात. विंडोज प्रॉडक्टच्या नावात ओळखू येतं, स्पॉट आणि लो प्रायॉरिटी एसकेयूच्या (विक्रीच्या नेमक्या प्रकाराच्या) नावात. निकाल पानापानांनी येतात. पुढच्या पानाची लिंक संपेपर्यंत वाचत राहा, नाहीतर हवी ती ओळच राहून जाते. रुपयांतले भाव मागता येतात, पण ते संदर्भापुरते असतात. तुलना डॉलरमध्येच करा.

प्रश्न : गुगलच्या यादीत मशीनचा भावच दिसत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक मशीनसाठी तिथे कोर आणि मेमरीचे भाव वेगळे असतात. ‘ई२-स्टँडर्ड-२’ म्हणजे २ व्हर्च्युअल कोर आणि ८ जीबी मेमरी. कोरचा भाव २ ने आणि मेमरीचा ८ ने गुणून बेरीज करा. रक्कम ‘युनिट्स’ आणि ‘नॅनोज’ अशा दोन भागांत असते. नॅनोजला एक अब्जाने भागून युनिट्समध्ये मिळवायचं. नुसतं युनिट्स वाचलं तर शून्य दिसतं.

प्रश्न : टूलचा तासाचा भाव बरोबर असूनही बिल जास्त येतं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्व्हरच्या भावात डिस्क, बाहेर जाणारा डेटा आणि आयपी पत्ता धरलेला नसतो. ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर घेते. महिन्याचे ७३० तास धरले तर ३.६५ डॉलर होतात. छोट्या मशीनच्या मानाने ही रक्कम लहान नाही. ॲमेझॉनचं टी३ मशीन मुळातच ‘अनलिमिटेड’वर (मर्यादेपलीकडेही सीपीयू वापरू देणाऱ्या सोयीवर) असतं, त्यामुळे सीपीयूवर सतत ताण राहिला तर जादा क्रेडिटचेही (मर्यादेबाहेरच्या वापराचेही) पैसे लागतात. भारतातल्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो, तो यादीतल्या भावात नसतो. टूलच्या उत्तरात ‘यात काय धरलेलं नाही’ अशी एक ओळ कायमची ठेवा, म्हणजे एजंट ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवू शकेल.